एकशे अठ्ठ्याऐंशीची मूळ प्रत

१

कोणतेही सॉफ्टवेअर बसवताना येणारी प्रत्येक एरर वहीत उतरवायची, शेजारी वेळ लिहायची, केलेला उपाय लिहायचा आणि त्याचा परिणाम नोंदवल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही, असा कीर्तीचा शिरस्ता होता. एम. एस्सी.च्या वर्गातली मुले तिला त्यावरून ‘तलाठीण’ म्हणत. तिने ते कधी मनावर घेतले नाही. निम्म्या वर्गाच्या प्रकल्पांतल्या चुका शेवटी तिच्याच वहीतून सुटत असत.

भाद्रपदातल्या त्या मंगळवारी सकाळी अकरापर्यंत वहीत तीन नोंदी झाल्या होत्या. साखर पेठेतल्या रुद्रप्पांच्या फोटो स्टुडिओत, मागच्या खोलीत, जिथे पूर्वी गिऱ्हाइकांना रंगवलेल्या पडद्यापुढे स्टुलावर बसवत, तिथे आता एक संगणक होता आणि त्यावर ती फोटोंची वेब गॅलरी बसवत होती. पहिली एरर: फोटोंच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही. परवानगी दिली, सुटली. दुसरी: फोटो लहान करणारा भाग सापडत नाही. तो बसवला, सुटली. तिसरी: मेमरी अपुरी. मर्यादा वाढवली, सुटली.

रुद्रप्पांना जाऊन सहा वर्षे झाली होती. दुकान आता त्यांचा मुलगा बसवेश पाहत होता. लोकांना आपल्या आईवडिलांच्या लग्नाचे फोटो पुण्यात बसूनसुद्धा पाहता यावेत, म्हणून त्याने दुकानातल्या साऱ्या निगेटिव्ह स्कॅन करून घेतल्या होत्या. पाकिटांवर नुसते आकडे होते, नावे नव्हती. त्यामुळे स्कॅन करणारा लग्नांच्या पेट्यांबरोबर कधीच बाहेर काढायची नाही अशी एक पेटीही घेऊन गेला. ती ‘मयत पेटी’ होती. त्यातल्या निगेटिव्ह उन्हाने एकमेकींना चिकटल्या होत्या. स्कॅन झाल्यावर त्या टाकूनच द्याव्या लागल्या. आता जे काही होते ते या संगणकात होते.

आणि कीर्ती आली होती ती त्या पेटीतल्या एका फोटोसाठी.

तिचे वडील यशपाल तीन दिवसांच्या तापाने गेले तेव्हा ती दहा महिन्यांची होती. लग्नातला रोल कॅमेऱ्यातच जळाला होता. जिवंतपणीचा त्यांचा एकही फोटो नव्हता. अंत्ययात्रा निघण्यापूर्वी रुद्रप्पांना बोलावणे गेले. त्यांनी यशपालना भिंतीला टेकवून बसवले, फोटो काढला, आणि आठवड्याने फ्रेम घरी आली. फ्रेममध्ये वडील डोळे उघडून समोर पाहत होते. बुधवार पेठेतल्या त्यांच्या खोलीत ती फ्रेम तेवीस वर्षे होती, आणि तेवीस वर्षे आई विठाबाई तिच्यापुढे मेणबत्ती लावताना मान खाली घालत होती.

“त्ये डोळं त्यांचं न्हाईत गं,” ती म्हणे. “दुसरंच कोन तरी बगतंय.”

आता विठाबाईची नजर जात चालली होती. साखरेने एक डोळा नेला होता. दुसऱ्याला डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. त्याआधी तिला नवऱ्याचा खरा चेहरा एकदा पाहायचा होता, मिटलेल्या डोळ्यांचा का असेना. बसवेशने बरेच आढेवेढे घेतले, पण अखेर कबूल केले: गॅलरी चालू करून दे आणि तुझा फोटो घेऊन जा.

चौथी एरर अकरा वाजून सात मिनिटांनी आली. शेवटची पायरी होती व्यवस्थापकाचे, म्हणजे साऱ्या फोटोंवर ताबा असणाऱ्याचे, खाते उघडण्याची. कीर्तीने नाव भरले, पासवर्ड भरला. स्क्रीनवर ओळ उमटली: व्यवस्थापकाचे खाते आधीच अस्तित्वात आहे.

डेटाबेस तिने स्वतः आठ मिनिटांपूर्वी तयार केला होता. तो रिकामा होता.

‘जुने काही शिल्लक असावे,’ असे तिने वहीत लिहिले. डेटाबेस पुसला, नवा केला, रिकामा असल्याची दोनदा खात्री केली आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तीच ओळ. मग तिने डेटाबेसमधला खात्यांचा तक्ता थेट उघडून पाहिला. तिथे एक खाते होते. नावाचा रकाना कोरा. पासवर्डचा रकाना कोरा. ‘शेवटचा प्रवेश’ या रकान्यात आजची तारीख होती आणि वेळ होती अकरा वाजून एकवीस मिनिटे.

भिंतीवरच्या घड्याळातही अकरा वाजून एकवीस मिनिटेच झाली होती.

वहीत ‘उपाय’ या शब्दापुढची जागा तिने प्रथमच मोकळी सोडली.

२

“काय म्याडम, बसलं का तुमचं सॉफ्टवेअर? का अजून रुसलंय?” बसवेश चहा घेऊन आत आला.

“बसवेशदादा, हा संगणक बाहेरून कोणी वापरतं का?”

“बाहेरनं कोन वापरतंय? नेट कालपासनं बंद हाय. केबलवाला नुसतं ‘निघालोय, निघालोय’ म्हनतोय. नवरदेवाच्या मामागत.”

कीर्तीने केबल पाहिली. ती खरोखरच सुटून लोंबत होती. तिने चहा बाजूला ठेवला आणि त्या कोऱ्या खात्याच्या खाली, हाताने, आपले दुसरे खाते लिहून टाकले. असले आडवाट काढणे तिला आवडत नसे. पण कोणीतरी आधीच येऊन बसले आहे म्हणून आपण दारातून परत जायचे, हे तिला त्याहून कमी आवडे. गॅलरी उघडली.

“बसली!” बसवेश म्हणाला. “आता तुमचा फोटो काढून घ्या आन् ती मयताची पेटी पुसून टाका बगा त्यातनं. अप्पा असते तर मला दुकानाभायेर काढलं असतं.”

“का पण?”

“नेम हुता त्यांचा. मयताचा मूळ फोटो घरच्यांस्नी दावायचा न्हाय. दावायचा त्यो डोळं उगडलेला.” त्याने स्टूल ओढले. “मिटलेलं डोळं बगितलं की घरात पुन्यांदा रडारड. म्हनून अप्पा बारीक सुरी घेऊन बसायचे, पापनी खरवडायचे आन् त्यावर डोळं काढायचे. एका डबीत कात्रन हुतं त्यांच्याकडं, नुसत्या डोळ्यांचं. त्येच समोर ठेवून काढायचे.”

“सगळ्यांना तेच डोळे?”

“बायांना जरा काजळ जास्त. बाकी त्येच.”

“आणि ते डोळे कोणाचे होते?”

बसवेशने कपातली साय बोटाने काढून टाकली. “मी इचारलं हुतं एकदा. अप्पा म्हनले, ज्याचं बगून झालं न्हाय त्याचं. पुन्यांदा इचारायचं धाडस न्हाय झालं बगा.”

पुढे दुकानात गिऱ्हाईक आले. तो उठून गेला. कीर्तीने मयत पेटीचा फोल्डर उघडला. दोनशे बारा फोटो. पहिली मूळ प्रत: एक म्हातारी, हनुवटी चिंधीने बांधलेली, डोळे मिटलेले. मग तिने गॅलरीत त्याच फोटोचे थंबनेल पाहिले, म्हणजे त्याच मूळ प्रतीवरून सॉफ्टवेअरने मिनिटापूर्वी स्वतः तयार केलेले लहान चित्र.

थंबनेलमध्ये म्हातारी डोळे उघडून तिच्याकडे पाहत होती.

३

कीर्ती घाबरली नाही, असे म्हणता येणार नाही. पण घाबरणे ही वहीत लिहिण्याजोगी गोष्ट नव्हती. तिने शक्यता मांडल्या. काही स्कॅनर फोटोच्या आत एक वेगळी लहान प्रत दडवून ठेवतात. सॉफ्टवेअरने ती उचलली असेल. तिने फोटोंच्या आत दडलेले सारे काढून टाकले, थंबनेलचा फोल्डर रिकामा केला आणि ती नव्याने करायला लावली. दोनशे बारा चौकोन एकेक करून भरत गेले. दोनशे बाराही जण डोळे उघडे ठेवून समोर पाहत होते. खाली एक ओळ आली. या गॅलरीत चेहऱ्यांवरून माणसे ओळखून त्यांचे फोटो एकत्र करण्याची सोय होती, आणि ती आपोआप चालू झाली होती.

फोटो २१२. व्यक्ती १. ही व्यक्ती कोण? नाव लिहा.

म्हाताऱ्या, तरुण, टोपीवाले, कपाळभर कुंकवाच्या बाया, एक पाचसहा वर्षांची मुलगी. कीर्तीने ओठ आवळले आणि नावाच्या चौकटीत टाइप केले: कोणी का असेना, माझे वडील नव्हेत.

अक्षरे क्षणभर राहिली. मग शेवटच्या अक्षरापासून एकेक करून मागे पुसली गेली, कोणीतरी सावकाश वाचत यावे तशी.

त्याच वेळी तिला तो आवाज ऐकू आला. कुर्र. मग थोडी शांतता. मग पुन्हा कुर्र. पलीकडे पूर्वीची डार्करूम होती. आता तिथे तुटके स्टँड आणि रिकामे डबे होते. तिने दार ढकलले. आत फोटो धुण्याच्या फिक्सरचा आंबूस वास होता आणि कोणी नव्हते. ती परत येऊन बसली आणि आवाज पुन्हा सुरू झाला.

“उंदीर असंल,” बाहेरून बसवेश म्हणाला.  थोड्या वेळाने तो दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. “म्याडम, अप्पाची सुरी अशीच वाजायची.”

कीर्तीने फोल्डर पुन्हा उघडला. थंबनेलचा नव्हे, मूळ प्रतींचा. पहिला फोटो. हनुवटी बांधलेली म्हातारी. आता मूळ प्रतीतही तिचे डोळे उघडे होते. ‘बदल केल्याची वेळ’ या रकान्यात आजची दुपार होती. दुसरा फोटो, तिसरा, दहावा, पन्नासावा: सगळ्यांचे डोळे उघडे. एकशे दोनपर्यंत तसेच. एकशे तीन अजून मिटलेला होता. बदलाची वेळ स्कॅन केल्याच्या दिवसाची होती.

कुर्र.

एकशे तीन.

वेळांवरून पाहता पहिले शंभर झपाट्याने उरकले होते; आता दर दोन मिनिटांनी एक. तिने घड्याळ पाहिले, वहीच्या कडेला गुणाकार केला. फ्रेमच्या पाठीवर रुद्रप्पांनी पेन्सिलीने घातलेला आकडा तिला लहानपणापासून पाठ होता. एकशे अठ्ठ्याऐंशी. त्याची पाळी साडेचारच्या सुमाराला होती. आता दीड वाजून गेला होता.

४

तिने तो फोटो उघडला.

भिंतीचा पोपडा. त्याला टेकलेले डोके, किंचित उजवीकडे कललेले. नाकपुड्यांत कापूस. डोळे मिटलेले. पापण्या लांब होत्या, जवळजवळ मुलीसारख्या, आणि चेहऱ्यावर एक थकवा होता, दिवसभराचे काम उरकून बसल्या जागी डोळा लागलेल्या माणसाचा. घरच्या फ्रेममधल्या टक लावून पाहणाऱ्या माणसाशी या चेहऱ्याचे काही नाते नव्हते. तेवीस वर्षे ती एका परक्या माणसासमोर कपडे वाळत घालत होती, अभ्यास करत होती, जेवत होती.

“बाबा,” ती म्हणाली. तो शब्द तिने मोठ्याने फारसा वापरलेला नव्हता.

मग ती कामाला लागली. फाइल पेनड्राइव्हवर उतरवली: पेनड्राइव्हमधल्या प्रतीत डोळे उघडे. स्टुडिओच्या प्रिंटरवर छापली: कागद बाहेर सरकला तो कपाळाकडून, मग भुवया, मग ते दोन मोठे, ओळखीचे डोळे. तिने कागद उपडा केला. स्क्रीनचाच मोबाइलने फोटो काढला. मोबाइलमध्ये वडील तिच्याकडे पाहत होते, आणि काचेवर मात्र अजून निजलेले होते. गॅलरी बंद केली, काढून टाकली, डेटाबेस पुसला. फोल्डरला कुलूप घातले. आवाजात खंड पडला नाही. साडेतीन वाजेपर्यंत वहीत प्रत्येक उपायापुढे तिने एकच शब्द लिहिला: नाही.

“प्लग काढतो,” बसवेश म्हणाला. “एकदाचं मरू द्या त्ये.”

“हात लावू नका, दादा. बंद झालेला फोटो पुन्हा कसा उघडेल ते मला सांगता येणार नाही.”

“मग काय करनार हाय तुमी?”

कीर्तीने फोन उचलला. “आई, साडी बदलत बसू नकोस. आहे तशी रिक्षात बस आणि स्टुडिओत ये. हो, आत्ता. काय झालं ते आल्यावर सांगते.” फोन ठेवून ती बसवेशकडे वळली. “प्रत निघत नाही ना? नाही तर नाही. जिला पाहायचं आहे तिलाच इथे आणते. साडेचारपर्यंत हा फोटो आमचा आहे.”

“आन् अप्पाचा नेम?”

“तुमच्या अप्पांचा नेम आमच्या घरात तेवीस वर्षं भिंतीवर होता, दादा. आज एक दिवस आमचा.”

 बाहेर जाऊन बसवेशने दुकानाचे शटर अर्धे ओढले आणि विठाबाईसाठी आपली गादीची खुर्ची आत आणून ठेवली.

५

विठाबाई चार वाजून दहा मिनिटांनी आली. कीर्तीने तिला काही लपवले नाही; जे पाहिले ते ओळीने सांगितले. विठाबाईने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मी सांगत हुते तवा माजं कुनी ऐकलं न्हाय. बरं, कुटं हायत?”

एकशे अठ्ठ्याहत्तर. कुर्र.

तिने खुर्ची स्क्रीनला चिकटवली आणि उरलेला डोळा काचेजवळ नेला.  मग तिचे खांदे सैल झाले.

“ह्येच,” ती म्हणाली. “ह्येच हायत. असंच झोपायचे, तोंड कलतं करून. मी म्हनायची, मान अवघडंल की.” तिने बोट काचेला न लावता हनुवटीपाशी नेले. “ही खून बग. मांजानं कापलं हुतं. कीर्ते, तुज्यापन हितंच खळगा हाय.”

कीर्तीने स्क्रीनच्या एका कोपऱ्यात फाइलींची यादी उघडी ठेवली होती. एकशे त्र्याऐंशी. एकशे चौऱ्याऐंशी. आवाज आता डार्करूममधून येत नव्हता. तो काचेच्या मागून येत होता.

एकशे सत्याऐंशी.

डाव्या पापणीखाली एक बारीक पांढरी रेघ उमटली.

“आई, आता बघू नकोस.”

“का न्हाय बगायचं?” विठाबाईने पदराने उजवा हात पुसला आणि तळहात सरळ काचेवर, नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांवर ठेवला आणि आतून पाहणाऱ्या त्या परक्याला म्हणाली, “झाकून घे. तेवीस वर्सं बगितलंस की आमच्या घरात. माजी पोरगी ल्हानाची मोटी झाली, तवा बी बगत हुतास. मी रडत हुते, तवा बी बगत हुतास. आता बास. आता माजी पाळी हाय.”

कुर्र. आवाज लांबला, अडखळला, पुन्हा आला. कीर्तीने यादी पाहिली. चार वाजून बत्तीस. चौतीस. एकशे अठ्ठ्याऐंशीसमोर जुनीच तारीख होती.

“म्याडम,” बसवेश दारातून म्हणाला.  “ती गॅलरी.”

तिने तासापूर्वी पुसून टाकलेली गॅलरी मागच्या खिडकीत उघडी होती. दोनशे अकरा चौकोन; एकशे अठ्ठ्याऐंशीचा तेवढा नव्हता. सकाळपासून ते सारे जण सरळ समोर पाहत होते. आता एकही समोर पाहत नव्हता. टोपीवाले, कुंकवाच्या बाया, ती लहान मुलगी, सगळ्यांची बुबुळे कोपऱ्यात सरकली होती, विठाबाईच्या हाताकडे. बसवेशने चप्पल घातली आणि तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला. पळून मात्र गेला नाही.

“हाताला कायतरी लागतंय गं,” विठाबाई म्हणाली. “केसावानी. पापन्या असाव्यात.”

“हात काढू नकोस.”

“काडते कशाला?” ती फोटोशी बोलू लागली, हळू, भाजी निवडताना बोलावे तशी. “अवो, तुमी झोपा. पोरगी शिकली तुमची. सोळा पुस्तकं एकदम घेऊन येती घरी, ठेवायला जागा न्हाय. माज्यावर लई वराडती गोळ्या चुकल्या की. नाक तुमचं घेतलंय, राग बी तुमचाच.” ती वाकून त्याच्या तोंडाकडे, कानाकडे, मिशीच्या कडेकडे पाहत होती, एकेक भाग वेगळा, घाई न करता.

पाच वाजले. विठाबाईचा हात मागे ढकलला जाऊ लागला. मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या, आणि बोटांच्या फटीतून काहीतरी पांढरे हलताना दिसत होते.

“झालं का बघून, आई?”

“न्हाय. आत्ताशी कुटं कपाळापतूर आले.”

कीर्तीने आपला तळहात आईच्या तळहाताखाली सरकवला आणि आईचा हात सोडवला. काच गार नव्हती. हाताखाली काहीतरी ओलसर होते. ते उघडले, तिच्या कातडीला घासले आणि मिटेना. ते आतून जोर लावून पाहू लागले. तिचा खांदा मागे ढकलला गेला. तिने दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीत अडकवले, दुसरा हात पहिल्यावर ठेवला आणि सारा भार पुढे टाकला.

मोकळ्या हाताने विठाबाईने चष्मा पुसला आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

“सावकाश बघ,” कीर्ती म्हणाली.